अठरावा आठवडा, आणि काहीच जाणवत नाही

प्रश्न : माझे वय २९ असून हे माझे पहिलेच गरोदरपण आहे. सध्या अठरावा आठवडा चालू आहे. तिसरा महिना सरेपर्यंत उलट्यांनी हैराण झाले होते. पंधराव्या आठवड्यात त्या एकाएकी थांबल्या आणि तेव्हापासून गरोदर असल्यासारखे काही वाटतच नाही. पोटही फारसे दिसत नाही. माझ्या जाऊबाईंना चौथ्या महिन्यातच बाळ फिरल्याचे कळले होते, मला मात्र अजून काहीच जाणवलेले नाही. कासारवडवलीहून ठाणे स्टेशन आणि तिथून लोकलने ऐरोली असा माझा रोजचा प्रवास आहे. हिमोग्लोबिन १०.४ आले आहे. सप्टेंबरात गणपतीसाठी चिपळूणजवळच्या गावी जाण्याचे घरात ठरते आहे. बाळ ठीक असेल ना, आणि या मधल्या महिन्यांत मी नेमके काय करायला हवे?

उत्तर : ठाण्यात प्रॅक्टिस करताना गेली सव्वीस वर्षे मी पाहते आहे की, चौथ्या-पाचव्या महिन्यात तपासणीला येणाऱ्या स्त्रिया दोन प्रकारच्या असतात. काहींना काहीतरी होत असते म्हणून त्या घाबरलेल्या असतात, आणि काहींना काहीच होत नसते म्हणून. तुम्ही दुसऱ्या प्रकारातल्या आहात, आणि तुमच्यासारख्यांची संख्या लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. तुमच्या वर्णनात मला काळजी करण्याजोगे काही दिसत नाही. मात्र या महिन्यांत शरीर शांत असते म्हणून आपणही निवांत राहायचे, असा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल, कारण काही कामांच्या तारखा याच महिन्यांत येतात आणि त्या टळल्या की परत मिळत नाहीत.

आधी उलट्यांविषयी. गर्भ रुजल्यावर एचसीजी हे संप्रेरक झपाट्याने वाढत जाते, साधारण आठव्या ते अकराव्या आठवड्यात ते सर्वांत जास्त असते आणि त्यानंतर ते उतरू लागते. मळमळीचा चढउतार बहुतेकींमध्ये याच चढउताराच्या मागोमाग जातो. त्याच सुमारास गर्भाला आवश्यक असलेली संप्रेरके तयार करण्याचे काम वार (प्लॅसेंटा) स्वतःकडे घेते. म्हणजे उलट्या थांबणे हे बहुतेक वेळा कारभार व्यवस्थित हस्तांतरित झाल्याचे लक्षण असते. पंधराव्या-सोळाव्या आठवड्यात त्या थांबणे हा अगदी नेहमीचा क्रम आहे; काहींच्या विसाव्या आठवड्यापर्यंतही रेंगाळतात. तीन महिने ज्या त्रासाला आपण ‘बाळ आहे’ याची खूण मानत होतो तोच नाहीसा झाला की मन दचकते, एवढेच.

आता हालचालीविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. बाळ आठव्या आठवड्याच्या सुमारासच हलू लागते. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते हलताना दिसते, पण आईला ते कळत नाही. आज तुमच्या बाळाचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बाजारातल्या एका पेरूएवढे असेल, आणि ते भरपूर पाण्यात तरंगते आहे. त्याने मारलेली लाथ गर्भपिशवीच्या भिंतीपर्यंत पोहोचते तेव्हाही तिचा जोर फारसा उरलेला नसतो. पहिलटकरणीला ही हालचाल साधारणपणे अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, कधी बाविसाव्यापर्यंतही, पहिल्यांदा जाणवते. दुसऱ्या खेपेस ती सोळाव्या आठवड्यातच कळते, कारण ओळख पटवायला आता अनुभव असतो. वार जर गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीला चिकटलेली असेल, तर बाळ आणि पोटाची त्वचा यांच्यामध्ये उशी ठेवल्यासारखे होते आणि हालचाल आणखी एक-दोन आठवडे उशिरा जाणवते. रिपोर्टमध्ये ‘अँटेरियर प्लॅसेंटा’ असे लिहिलेले असते ते हेच. तो दोष नाही, केवळ जागा आहे.

तुमच्या जाऊबाईंची ती पहिली खेप होती की दुसरी, आणि त्यांनी महिने मोजले कसे, हेही विचारून पाहा. आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतो, तर घरात ‘पाळी चुकली तो पहिला महिना’ असा हिशेब चालतो, आणि या दोन हिशेबांत सहज महिन्याभराचा फरक पडतो. त्यांचा ‘चौथा’ हा आमच्या हिशेबाने पाचवा निघण्याची शक्यता बरीच आहे.

ही पहिली हालचाल म्हणजे चित्रपटात दाखवतात तशी लाथ नसते. कोणी तिला पाण्यातला बुडबुडा म्हणते, कोणी मासोळीने शेपटी फिरवल्यासारखे झाले असे सांगते, आणि बऱ्याच जणींना ती पोटात वायू फिरावा तशी वाटते. मी स्वतः शिकाऊ डॉक्टर असताना गरोदर होते, आणि विसाव्या आठवड्यात रात्रपाळीला ओटीपोटात जे काही फडफडले त्याचा दोष मी संध्याकाळी खाल्लेल्या बटाटावड्याला दिला होता. तेच, त्याच जागी, तिसऱ्या रात्री पुन्हा झाले तेव्हा माझ्या लक्षात आले. दिवसभर इतरांची पोटे तपासणाऱ्या बाईची ही गत, तर इतरांचे काय घेऊन बसलात! तुर्भ्याला नोकरी करणारी माझी एक रुग्ण एकविसावा आठवडा उलटला तरी काही जाणवत नाही म्हणून अस्वस्थ होती. एका संध्याकाळी तुर्भ्याहून ठाण्याला येताना तिला खिडकीची जागा मिळाली, तिने पर्स मांडीवर ठेवून डोळे मिटले, आणि कोपरखैरणे ते घणसोलीच्या दरम्यान पर्सच्या खालून कोणीतरी बोटाने टकटक करावे तसे दोनदा झाले. बाळ त्या दिवशी हलू लागले नव्हते. ती त्या दिवशी पहिल्यांदा निवांत बसली होती. आपण चालतो, कामात असतो तेव्हा हालचाल कळत नाही. तुम्हीही रात्री जेवणानंतर कुशीवर पडून, हात ओटीपोटावर ठेवून, फोन बाजूला ठेवून वीस मिनिटे रोज पाहा. परीक्षा म्हणून नव्हे, केवळ ओळख म्हणून.

चोविसावा आठवडा पूर्ण होईपर्यंत एकदाही हालचाल जाणवली नाही, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. एकदा जाणवू लागल्यानंतरही सुरुवातीचे काही आठवडे ती अनियमित असते. एखादा दिवस भरपूर, दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीच. ठोके मोजावेत तशी हालचाल मोजण्याचा सल्ला आम्ही अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर देतो. बाळाचे ठोके ऐकण्याचे, ऑनलाइन मिळणारे डॉपलरचे यंत्र घरी आणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यातून वारेतल्या रक्तप्रवाहाची खसखस ऐकू येते, कधी स्वतःचीच नाडी ऐकू येते, आणि अननुभवी कानाला त्यातले बाळ कोणते ते कळत नाही. मग एकतर उगाच घबराट होते, किंवा त्याहून वाईट, उगाच दिलासा मिळतो. दवाखान्यात आम्ही हेच यंत्र लावतो तेव्हा आधी वाऱ्यासारखा घोंघावणारा आवाज येतो, टेबलावरची बाई माझ्या चेहऱ्याकडे पाहते, मी हात दोन बोटे खाली सरकवते आणि मग घोड्याच्या टापांसारखे ठोके सुरू होतात. मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान. तुमच्या पुढच्या भेटीत ‘ठोके ऐकवा’ असे मोकळेपणाने म्हणा. त्यासाठी कोणी डॉक्टर नाही म्हणणार नाही.

या महिन्यांतले सर्वांत तारीखबद्ध काम म्हणजे ॲनोमली स्कॅन, अर्थात बाळाच्या अवयवांची तपशीलवार सोनोग्राफी. ती अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान करून घ्यावी. तुमची वेळ आत्ताच आहे आणि चांगल्या सोनोलॉजिस्टची अपॉइंटमेंट आठवडाभर पुढची मिळते, म्हणून हे वाचून झाल्यावर पहिला फोन तोच करा. यात मेंदूची रचना, ओठ, हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, पाठीचा कणा, मूत्रपिंडे, हातपाय, वारेची जागा आणि गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी असे सगळे क्रमाने पाहिले जाते. बाळ पाठ करून बसले असेल तर हृदय नीट दिसत नाही, आणि मग तुम्हाला बाहेर चक्कर मारून यायला सांगतात. दोनदा आत बोलावले म्हणजे काही तरी सापडले, असा समज करून घेऊ नये. त्याचबरोबर हेही सांगते की ही तपासणी शंभर टक्के नसते. काही हृदयदोष आणि काही व्यंगे उशिरा दिसतात किंवा दिसतच नाहीत.

विसाव्या आठवड्यापर्यंत ती करण्याचा आग्रह कायद्याशीही जोडलेला आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते, ठरावीक प्रकारच्या स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि त्यापुढे केवळ गर्भातील गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. बहुसंख्य कुटुंबांवर हा विचार करण्याची वेळ येत नाही, पण ज्यांच्यावर येते त्यांना पुढच्या तपासण्या करून घ्यायला, दुसरे मत घ्यायला आणि रडून मोकळे व्हायलाही वेळ लागतो. बाविसाव्या आठवड्यात पहिल्यांदा स्कॅनला आलेल्या जोडप्याकडे तो वेळ उरलेला नसतो, आणि अशा जोडप्यांसमोर बसण्याची पाळी माझ्यावर अनेकदा आली आहे.

रिपोर्ट हातात आला की तो आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग इंटरनेटवर शोधा. उलट क्रमाने केल्यास एक रात्र तरी झोप लागत नाही. ‘लो लाइंग प्लॅसेंटा’ असे लिहिलेले असेल तर वार खाली आहे, पण गर्भपिशवी वर वाढत जाते तशी बहुतेकींची वारही वर सरकते, म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहतात. तोपर्यंत डॉक्टर सांगतील तसे शरीरसंबंध टाळावेत आणि अंगावरून रक्त गेल्यास थेट रुग्णालय गाठावे. ‘इकोजेनिक फोकस’ म्हणजे हृदयात दिसणारा पांढरा ठिपका. बाकी सर्व व्यवस्थित असेल आणि आधीच्या रक्तचाचण्या चांगल्या असतील, तर त्याला सहसा काही अर्थ नसतो. गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर मात्र ती गोष्ट गांभीर्याने घ्यावी लागते, कारण मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो आणि त्यावर वेळीच उपचार करता येतात.

आणि मुलगा की मुलगी हे विचारू नका. सोबत आलेल्या सासूबाईंनाही विचारू देऊ नका. आपल्या राज्याने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ सालीच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ सालचा आहे, आणि प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीआधी जो एफ फॉर्म भरून घेतात तो याचसाठी असतो. पोट टोकदार आहे की पसरट, यावरून अंदाज बांधणाऱ्या शेजारणींना हसून सोडून द्यावे.

तुमचे हिमोग्लोबिन १०.४ आहे. गरोदरपणात ११ च्या खाली गेले की आम्ही त्याला रक्तक्षय म्हणतो, म्हणजे तुमचा रक्तक्षय सौम्य आहे. मधल्या महिन्यांत आकडा उतरण्यामागे एक नैसर्गिक कारण असते : रक्तातील पाण्याचा अंश ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो आणि तांबड्या पेशी त्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून रक्त पातळ होते. वरणात पाणी वाढवले आणि डाळ तेवढीच ठेवली, असा हा प्रकार आहे. पण पातळपणा कितीही नैसर्गिक असला तरी बाळंतपणात रक्त जाते तेव्हा शरीराला साठा लागतोच, म्हणून १०.४ वर समाधान मानू नये. शासकीय कार्यक्रमानुसार प्रत्येक गर्भवतीला दुसऱ्या तिमाहीपासून ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची एक गोळी रोज, अशा १८० गोळ्या द्यायच्या असतात; सौम्य व मध्यम रक्तक्षयात त्याच गोळ्या दिवसाला दोन देतात. तुमची मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

गोळी लिहून दिली आणि आकडा वाढला नाही, असे होते तेव्हा दहांपैकी आठ वेळा मला कारण स्वयंपाकघरात सापडते. सकाळच्या चहाबरोबर आयर्नची गोळी, किंवा दुधाबरोबर, किंवा ‘सगळ्या गोळ्या एकदाच’ म्हणून कॅल्शियमच्या जोडीने! चहा, दूध आणि कॅल्शियम हे तिन्ही लोह शोषू देत नाहीत. आयर्नची गोळी लिंबूपाण्यासोबत किंवा आवळ्यासोबत घ्यावी, तिच्या आगेमागे दोन तास चहा टाळावा, आणि कॅल्शियमच्या गोळ्या जेवणानंतर वेगळ्या वेळी घ्याव्यात. शौचाला काळी होईल, घाबरू नये. बद्धकोष्ठता झाली तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी. महिनाभर नीट घेऊन साधारण एक ग्रॅमने वाढ दिसली नाही, तर पुढचा शोध घ्यावा लागतो. थॅलेसिमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी पहिल्या तिमाहीत झाली नसेल तर आता करून घ्या, आणि तुमची चाचणी सकारात्मक आली तर यजमानांचीही लगोलग. दोघेही वाहक असतील तर प्रश्न आयर्नच्या गोळीचा राहत नाही, बाळाला गंभीर थॅलेसिमिया होण्याच्या शक्यतेचा होतो. जंताची गोळीही दुसऱ्या तिमाहीत एकदा देतात. ती दिली म्हणून आश्चर्य वाटून घेऊ नका.

शुगरची चाचणी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करायची असते, पहिल्या भेटीत झालेली असली तरी पुन्हा. आपल्याकडे त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. १४० किंवा त्याहून जास्त आले तर गरोदरपणातील मधुमेह समजतात. ‘आमच्या घरात कोणाला नाही’ हे वाक्य ऐकून मी कधीही ही चाचणी सोडत नाही. या मधुमेहाला लक्षणे नसतात, म्हणून शांत महिन्यांत तो बेमालूम लपतो. बहुतेकींचा आहार आणि चालण्यानेच आटोक्यात राहतो. धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी लस घेतली नसेल तर तीही याच काळात पूर्ण करा. दोन मात्रांमध्ये चार आठवड्यांचे अंतर लागते.

शरीराच्या किरकोळ तक्रारी आता हळूहळू सुरू होतील. खोकताना, शिंकताना किंवा कूस बदलताना जांघेत एकदम कळ येते ती गर्भपिशवीला धरून ठेवणारे बंध ताणल्यामुळे. उठताना आधी कुशीवर वळून मग हाताच्या आधाराने उठले की ती कमी होते. रात्री पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढावा. बेंबीखाली काळी रेघ उमटेल, गालांवर वांग येईल. बाळंतपणानंतर बहुधा फिकट होतात. पाठीवर झोपलात म्हणून बाळाला काही झाले, अशी भीती या महिन्यांत बाळगू नका. कुशीवर झोपण्याचा आग्रह अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतरचा आहे, सवय आत्तापासून लागली तर उत्तमच.

तुमच्या प्रवासाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिते, कारण ठाणे-नवी मुंबईच्या स्त्रियांचे गरोदरपण निम्मे प्रवासातच जाते. या काळात रक्तदाब थोडा उतरलेला असतो. त्यात सकाळी केवळ चहा-बिस्किटावर घोडबंदर रोडच्या कोंडीत पाऊण तास काढून स्टेशनच्या पुलावर चढले आणि गर्दीत उभे राहिले, की डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्याकडे चक्कर आली म्हणून येणाऱ्या दहा जणींपैकी निम्म्यांनी तरी त्या दिवशी न्याहारी केलेली नसते. घरून पोटभर खाऊन निघा, पर्समध्ये पाण्याची बाटली, भाजलेले शेंगदाणे आणि खजूर ठेवा, आणि अंधारी आली तर लाज न बाळगता फलाटावर तिथेच खाली बसा. ठाण्याहून ऐरोली दहा-बारा मिनिटांचे अंतर आहे, त्यामुळे बसण्यापेक्षा चढण्या-उतरण्यातली धक्काबुक्की हा खरा प्रश्न आहे. एक गाडी सोडून पुढची घेतली तर पोटाला कोपर बसण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून गर्भवतींना प्रवास करता येतो. तुमचे पोट अजून दिसत नसल्याने कोणी हटकले तर दाखवायला तपासणीची फाइल, निदान तिच्या पहिल्या पानाचा फोटो, जवळ असावा. महिला डब्यात कोणी आपणहून जागा देईल म्हणून थांबू नका. ‘मी प्रेग्नंट आहे, बसू का’ असे स्पष्ट विचारा. आपल्या बायका कुरकुरतात, पण उठतात.

खड्ड्यांतून रिक्षा आदळली म्हणून गर्भपात होत नाही. बाळ पाण्यात सुरक्षित असते. कंबर दुखते, ती तुमची. सकाळी लवकर उपवन किंवा कचराळी तलावाकाठी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, म्हणजे आठवड्याला दीडशे मिनिटे, चालता चालता बोलता येईल इतक्या वेगाने चालल्यास कंबर, बद्धकोष्ठता, शुगर आणि मन या चारांवरही ते गोळीपेक्षा चांगले काम करते. पावसाळ्यात निसरडे असेल तेव्हा इमारतीच्या पोडियमवर चाला.

खाण्याच्या बाबतीत ‘दोन जिवांचे’ म्हणजे दुप्पट नव्हे. या काळात रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. एक नाचणीची भाकरी, वाटीभर उसळ आणि ग्लासभर दूध एवढ्यात त्या भरून निघतात. वजन आठवड्याला साधारण चारशे ते पाचशे ग्रॅमने वाढावे. मासे जरूर खा. मांदेली, बोंबील, बांगडा उत्तम, मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत कारण त्यांत पारा साठतो. केशराच्या दुधाने बाळ गोरे होत नाही, आवडत असेल तर प्या. ग्रहणात सुरी हातात घेतल्याने ओठ फाटत नाही. मी स्वतः ग्रहणाच्या दिवशी शस्त्रक्रिया केल्या आहेत आणि गरोदर परिचारिका समोर उभी होती. परंतु ग्रहणाच्या निमित्ताने कोणी तुम्हाला चार तास पाण्याविना बसवणार असेल, तर तिथे मात्र ठामपणे नाही म्हणा.

पावसाळ्यात ताप आला तर तो अंगावर काढू नका. डेंग्यू आणि मलेरिया या दिवसांत आपल्याकडे नेहमीचे आहेत आणि गर्भवतीला ते जास्त त्रास देतात. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि पर्यायाने गर्भजलावर परिणाम करू शकतात, म्हणून औषधाच्या दुकानातून ‘अंगदुखीची गोळी’ मागून घेऊ नका. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, पोट ठरावीक अंतराने कडक होणे, लघवीला जळजळ, आणि विसाव्या आठवड्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, चेहऱ्या-हातांवर एकाएकी आलेली सूज यांपैकी काहीही झाले तर रात्र आहे, रविवार आहे, असा विचार न करता निघावे. रक्तदाब १४०/९० च्या वर गेल्याची कित्येकदा बाईला काहीच जाणीव नसते, म्हणून प्रत्येक भेटीत तो मोजला गेला की नाही हे तुम्हीच पाहा. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या घरात कोणी गरोदर असेल, तर त्यांना सांगा की दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. या तारखेची माहिती नसल्यामुळे मागे राहणाऱ्या मुली मी दर महिन्याला पाहते.

कार्यालयात अजून सांगितले नसेल तर स्कॅनचा रिपोर्ट आल्यावर सांगा. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. माझा स्वतःचा कल ती शक्य तितकी बाळासाठी राखून ठेवण्याकडे आहे, पण रोज घोडबंदर रोड पार करणाऱ्या स्त्रीवर तो लादण्याचे धाडस मी करत नाही.

राहता राहिले गणपती. सप्टेंबरात तुम्ही सव्वीस-सत्तावीस आठवड्यांच्या असाल, आणि स्कॅन चांगला असेल, वार वर असेल, रक्तदाब व्यवस्थित असेल, तर चिपळूणला जायला माझी हरकत नाही. महामार्गाने आठ-दहा तास गाडीत आखडून बसण्यापेक्षा कोकण रेल्वेने जा. खालचा बर्थ घ्या, दर तासाभराने डब्यातल्या डब्यात चार पावले चाला, कारण गरोदरपणात पायांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढलेली असते. गाडीनेच जावे लागले तर सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर घ्या. शुगरची चाचणी निघण्याआधी उरकून घ्या, म्हणजे मोदकांचा हिशेब रिपोर्ट पाहून करता येईल. गावी पोहोचलात की पंगतीला वाढायला तुम्ही उभ्या राहणार नाही, हे यजमानांनी तिथे गेल्यावर नव्हे तर इथून निघण्याआधीच फोनवर सांगून ठेवावे. चिपळुणात रात्री-अपरात्री प्रसूतितज्ज्ञ कुठे मिळतात तेवढे दीराकडून विचारून घ्या, आणि फाइलची मूळ प्रत ठाण्यात न ठेवता सोबतच न्या. तोवर तुमचे बाळ हाताखाली स्पष्ट लाथा मारत असेल. जाऊबाईंचा हात धरून दाखवायला हरकत नाही.